मातीतले चुंबकत्व : पाऊस, अग्नी आणि काळ यांची नोंद

जुन्या रेडिओच्या निकामी स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक दोरीला बांधायचा आणि ओढ्याच्या वाळूतून फरफटत न्यायचा, हा खेळ महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत वाढलेल्या कित्येकांनी लहानपणी खेळला असेल. थोडे अंतर चालून गेले की चुंबकाला काळ्याभोर कणांची दाट मिशी फुटलेली दिसे. ते कण कागदावर झटकायचे, कागदाखालून चुंबक फिरवायचा आणि वर कणांची फौज उभी राहून कवायत करताना पाहायची, यात दुपार कशी सरे हे कळत नसे. हे कण कोठून आले, असा प्रश्न त्या वयात पडत नाही. पडला तरी 'लोखंडाचा कीस' एवढे उत्तर पुरेसे वाटते. वस्तुतः तो लोखंडाचा कीस नव्हे. खडक झिजून निघालेले ते एक खनिज होय.

या साध्या खेळातून आज एक शास्त्रशाखा उभी राहिली आहे. माती कोणत्या खडकापासून झाली, तिच्यावर किती पाऊस पडला, ती कधी आगीत सापडली काय, ती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली काय, आणि धरणाच्या तळाशी साचलेली माती शेतातली की ओढ्याच्या काठाची, अशा प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ मातीच्या चुंबकत्वावरून शोधू लागले आहेत. प्रस्तुत लेखक विज्ञानाचा विद्यार्थी नाही. परंतु जमीन आणि पाणी हे ज्या राज्याच्या विकासाचे मूळ प्रश्न आहेत, तेथे या विषयाची ओळख सर्वसामान्य वाचकालाही असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

खडकाचा वारसा

मातीला चुंबकत्व मिळते ते प्रथमतः तिच्या जन्मदात्या खडकाकडून. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागावर बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, पसरलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर पडले आणि थरावर थर साचत गेले. त्यांतूनच सह्याद्रीचे कडे आणि दख्खनचे पठार घडले. या खडकात लोहाच्या ऑक्साइडांचे प्रमाण वजनाने दहा टक्क्यांच्या वर असते आणि त्याचा काही भाग टिटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या खनिजाच्या बारीक स्फटिकांच्या रूपाने विखुरलेला असतो. खडक झिजतो, फुटतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पण हे काळे, जड आणि चिवट कण बराच काळ टिकून राहतात. पावसाच्या पाण्याने हलकी माती पुढे वाहून जाते आणि जड कण ओढ्याच्या वळणावर मागे राहतात. मुलांच्या चुंबकाला चिकटतात ते हेच.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हीच क्रिया समुद्राच्या लाटा करतात. काळबादेवीच्या आणि आसपासच्या काही पुळणींवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यांत मॅग्नेटाइटबरोबर इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिजही असते. मॅग्नेटाइट साध्या चुंबकाकडे झेपावते. इल्मेनाइटला ओढून घेण्यास मात्र बराच प्रबळ चुंबक लागतो.

पूर्व विदर्भात चित्र बदलते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत बेसाल्टऐवजी बहुतांशी ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म यांसारखे प्राचीन खडक आहेत. अशा खडकांत चुंबकीय खनिजे साधारणतः कमी असतात आणि त्यांच्यापासून झालेल्या मातीतही तो उणेपणा उतरतो.

काळ्या पाषाणाचे चुंबकत्व किती प्रभावी असते याची साक्ष अलिबागच्या वेधशाळेने दिली आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून घेतल्या जात होत्या. मुंबईतील ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविण्यात आले. तेथील इमारतीसाठी घराजवळचा काळा दगड न वापरता चुंबकत्वरहित असा पोरबंदरचा दगड पारखून आणला गेला. पृथ्वीचे चुंबकत्व मोजू पाहणाऱ्या उपकरणाला भिंतीतील दगडानेच फसवू नये, एवढीच त्यामागील काळजी होती. याच दगडांत लाव्हा थंड होताना गोठलेल्या चुंबकत्वाचा अभ्यास करून १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि पुढे ती उत्तरेकडे सरकत आली.

लोह एक, रूपे अनेक

लाल माती म्हणजे लोहाची माती, म्हणून ती अधिक चुंबकीय, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. मातीत लोह किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे याला अधिक महत्त्व असते. मातीला तांबडा रंग देणारे हेमॅटाइट आणि पिवळसर-तपकिरी रंग देणारे गोएथाइट ही दोन्ही लोहाचीच खनिजे. पण त्यांचे चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या तुलनेत शेकडो पटींनी क्षीण असते. मॅग्नेटाइट काळे, आणि त्याचेच अधिक ऑक्सिडीकरण झालेले भावंड मॅघेमाइट तपकिरी. चुंबकत्वात ही दोघे अग्रेसर. म्हणून भरघोस लोह असलेली माती दुबळी ठरू शकते आणि शेकडा एखादा भाग मॅग्नेटाइट असलेली माती तिच्यावर सहज मात करते.

हे बळ मोजण्याच्या मापाला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. एखादा पदार्थ दुर्बल चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता तो स्वतः किती प्रमाणात चुंबकित होतो, हे त्यावरून कळते. मोजणीची रीत फारशी अवघड नाही. वाळवून चाळलेली माती प्लॅस्टिकच्या लहान डबीत भरतात आणि तारेच्या वेटोळ्यात ठेवतात. मातीमुळे वेटोळ्यातील विद्युत्प्रवाहाच्या वर्तनात जो फरक पडतो, त्यावरून उपकरण आकडा दाखविते. एका नमुन्याला काही क्षण पुरतात, माती खर्ची पडत नाही आणि रसायनेही लागत नाहीत. शेतात जमिनीवर टेकवून मोजणी करता येईल अशी उपकरणेही उपलब्ध आहेत.

चार महिने पाऊस, आठ महिने ऊन

खडकाकडून मिळालेला वारसा ही कहाणीची सुरुवात झाली. फ्रान्समधील शास्त्रज्ञ ल बोर्न्य यांनी १९५५ मध्ये एक लक्षणीय गोष्ट निदर्शनास आणली. अनेक ठिकाणी मातीचा वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक चुंबकीय असतो. खडक खाली, माती वर. मग खडकापासून दूर असलेल्या थरात चुंबकत्व वाढावे कसे? याचा अर्थ असा, की माती आपले चुंबकत्व केवळ वारशाने मिळवीत नाही, तर त्यात स्वतः भर घालते.

ही भर कशी पडते, याचा उलगडा पुढील काही दशकांत होत गेला. पावसाळ्यात मातीची छिद्रे पाण्याने भरतात आणि तेथील प्राणवायू कमी होतो. मातीत असे जीवाणू असतात, की जे प्राणवायूच्या अभावी श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा उपयोग करतात. त्यांच्या या व्यवहारात लोहाचे क्षपण होऊन त्याचा काही अंश पाण्यात विरघळतो. पाऊस उघडला, ऊन पडले, मातीला भेगा गेल्या, की हवा पुन्हा आत शिरते आणि विरघळलेल्या लोहाचे अंशतः ऑक्सिडीकरण होते. या स्थित्यंतरात मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. जीवाणूंच्या शरीराबाहेर, साध्या तापमानाला आणि मातीसारख्याच परिस्थितीत असे कण तयार होऊ शकतात, हे माहेर आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखविले. काही जीवाणू तर आपल्या शरीरातच मॅग्नेटाइटच्या कणांची माळ तयार करतात आणि होकायंत्रासारखा तिचा उपयोग करतात. चुंबकाच्या दिशेने पोहणाऱ्या अशा जीवाणूंचे वर्णन ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये केले.

मातीत घडणारे हे कण किती सूक्ष्म असावेत? त्यांतील पुष्कळसे असे असतात, की एका मिलिमीटरच्या लांबीत ते तीस हजारांहून अधिक संख्येने ओळीने मावतील. इतक्या लहान कणांचे वर्तनही वेगळे असते. वेटोळ्यातील प्रवाहाची कंप्रता वाढविली, की ते पूर्वीसारखा प्रतिसाद देऊ शकत नाहीत आणि ग्रहणशीलतेचा आकडा घटतो. खडकातून आलेले मोठे कण मात्र दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच आकडा देतात. म्हणून एकाच नमुन्याची दोन कंप्रतांवर मोजणी केली, की मातीचे वारशाचे धन किती आणि स्वकष्टार्जित किती, याचा अंदाज बांधता येतो.

ओले होणे आणि सुकणे यांची आलटून पालटून येणारी पाळी या क्रियेला पोषक असते. पाण्याचा चांगला निचरा होणारी, पण वर्षातून काही काळ ओलीचिंब राहणारी जमीन तिला अनुकूल होय. मोसमी पावसाच्या प्रदेशात ही पाळी निसर्गाने वर्षाच्या वेळापत्रकातच बसविली आहे.

अग्नीचा संस्कार

मातीचे चुंबकत्व वाढविणारे दुसरे कारण म्हणजे अग्नी. माती दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापली आणि तिच्यात पालापाचोळ्यासारखे सेंद्रिय द्रव्य असले, की जळताना प्राणवायू ओढला जातो आणि दुर्बल लोहखनिजांचे रूपांतर मॅग्नेटाइट वा मॅघेमाइटमध्ये होते. रान पेटल्यानंतर वरच्या काही सेंटिमीटर मातीचे चुंबकत्व वाढते, ते यामुळे. कोकणात भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजण्याची जी जुनी चाल आहे, तीत हीच क्रिया लहान प्रमाणावर होत असली पाहिजे, हे या तत्त्वावरून ध्यानी येते.

वीटभट्टी आणि कुंभाराचा आवा यांत तापमान कितीतरी अधिक चढते. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आपले कायम चुंबकत्व गमावते आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करते. भट्टीची माती शतकानुशतके ही दिशा जपून ठेवते. जमिनीखाली पुरलेली जुनी भट्टी अशा रीतीने न खणताही हुडकता येते. इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन येथे १९५८ मध्ये मार्टिन एटकेन यांनी चुंबकमापकाच्या साहाय्याने रोमनकालीन भट्ट्या शोधून काढल्या आणि पुरातत्त्वशास्त्राला एक नवे साधन मिळाले. आपल्याकडे मात्र या साधनाला एक अडचण येते. जेथे खडक आणि मातीच प्रबळ चुंबकीय, तेथे भट्टीचा क्षीण इशारा त्या कोलाहलात हरवू शकतो. धातुशोधक यंत्रांनाही अशा मातीचा त्रास होतो. भूसुरुंग हुडकणाऱ्या पथकांसाठी हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

पाणथळ जमिनीची कहाणी

पाऊस चुंबकत्व वाढवितो म्हणून पाणी जितके अधिक तितके चुंबकत्व अधिक, असे मात्र नव्हे. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली आणि तिला हवा मिळालीच नाही, तर विरघळलेले लोह पुन्हा जागच्या जागी बसत नाही. ते पाण्याबरोबर खाली वा दूर निघून जाते. अतिसूक्ष्म कण आधी विरघळतात, मोठे कण मागाहून झिजतात. अशी माती राखाडी-निळसर दिसते, मुळांच्या वाटांभोवती गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात आणि चुंबकत्वाचा आकडा उतरतो. भाताच्या खाचरांत आणि दलदलीच्या जागी हे आढळते.

कालव्याच्या पाण्यावर उसाला वारेमाप पाणी दिल्यामुळे ज्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, त्यांचे दुःख शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पिकाच्या मुळांना जी हवा मिळेनाशी होते, तीच मातीतल्या लोहालाही मिळेनाशी होते. जमिनीचा निचरा बिघडल्याची खूण तिच्या चुंबकत्वातही उतरते, ती याच कारणाने.

थरांत लिहिलेला हवामानाचा इतिहास

पावसाचा आणि मातीच्या चुंबकत्वाचा हा संबंध एकदा कळल्यावर त्याचा उलटा उपयोग सुचला : जुन्या मातीचे चुंबकत्व मोजून जुना पाऊस ओळखावयाचा. यासाठी चीनमधील लोएसचे पठार उत्तम ठरले. तेथे वाऱ्याने आणलेल्या पिवळसर धुळीचे शंभर मीटरहून अधिक जाडीचे थर साचले असून त्यांत सुमारे २५ लाख वर्षांचा काळ सामावलेला आहे. पिवळ्या धुळीच्या थरांमधून लालसर मातीचे पट्टे दिसतात. थंड व कोरड्या काळात धूळ वेगाने साचे. उबदार आणि पावसाच्या काळात तीच धूळ मातीत रूपांतरित होई. हेलर आणि लिऊ यांनी १९८२ मध्ये या थरांच्या चुंबकीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लालसर पट्ट्यांची ग्रहणशीलता पिवळ्या थरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते आणि तिचे चढउतार महासागराच्या तळाशी नोंदलेल्या हिमयुगांच्या चढउतारांशी जुळतात. पूर्व आशियातील मोसमी पावसाचा इतिहास अशा रीतीने धुळीच्या डोंगरात वाचावयास मिळाला.

याच नियमाचा अपवादही बोधप्रद आहे. अलास्का आणि सैबेरियात धुळीचे थर अधिक चुंबकीय आणि मातीचे पट्टे कमी चुंबकीय दिसतात. तेथे थंड काळातील जोरदार वाऱ्याने मॅग्नेटाइटचे जड कण अधिक आणले आणि उबदार काळात ओलसर, कोंदट मातीत लोह विरघळून गेले. म्हणून एका देशात लागू पडलेला कोष्टक दुसऱ्या देशात जसाच्या तसा वापरता येत नाही. खडक, उतार, निचरा आणि हवामान यांचा विचार प्रत्येक ठिकाणी नव्याने करावा लागतो.

धरणातला गाळ कोणाचा?

आता या शास्त्राच्या अशा उपयोगाकडे वळू, ज्यात आपल्या राज्याचा प्रत्यक्ष जिव्हाळ्याचा संबंध आहे. धरणे, पाझर तलाव आणि बंधारे यांत दर पावसाळ्यात गाळ साचतो आणि साठवणक्षमता घटते. हा गाळ काढून शेतांत पसरविण्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ मध्ये हाती घेण्यात आली. असे एक काम पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. आटलेल्या तलावाच्या तळातून ट्रॅक्टर भरभरून काळी माती निघत होती. काठावर बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, ही आमच्याच वावरातली माती. तेवढी भाडं भरून परत नेतोय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, परंतु एक इंच माती तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात हे ज्यास ठाऊक आहे, त्यास ते वाक्य सहजी विसरता येणार नाही.

गाळ काढणे आवश्यक आहेच. पण तो येतो कोठून, हे कळल्याखेरीज तो थांबत नाही. गाळ शेताच्या वरच्या थरातून वाहून आला असेल तर उपाय शेतात हवा : समपातळीवरील बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत व झाडे. तो ओढ्यांच्या ढासळत्या काठांतून आणि घळींतून आला असेल तर दगडी बांध, नालाबांध आणि काठांचे संरक्षण यांवर भर दिला पाहिजे. निदान चुकले तर पैसा एकीकडे खर्च होतो आणि माती दुसरीकडून वाहत राहते.

येथे चुंबकत्व साक्षीदार म्हणून उभे राहते. वरच्या थरात मातीने स्वतः घडविलेले अतिसूक्ष्म कण अधिक असतात, तर खोलवरच्या मातीत आणि काठाच्या मुरमात ते कमी असतात. पाणलोट क्षेत्रातील शेते, गायराने, घळी आणि काठ यांचे नमुने एका बाजूस आणि तलावातील गाळाचा नमुना दुसऱ्या बाजूस ठेवून दोन्हींची तुलना केली, की गाळाचे मूळ घर ओळखता येते. उत्तर आयर्लंडमधील लॉख नी या सरोवराच्या गाळाचा या दृष्टीने झालेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलतोड आणि शेतीचा विस्तार यांमुळे वाढलेली जमिनीची धूप गाळाच्या चुंबकत्वात उमटते, असे त्यातून दिसून आले. पुढे अनेक देशांत ही पद्धत रुळली.

आपल्या बेसाल्टी प्रदेशात ती वापरताना सावधगिरी हवी. येथे खडकाचा वारसाच इतका मोठा, की मातीने घातलेली भर त्यात झाकली जाण्याचा संभव असतो. म्हणून एका आकड्यावर न विसंबता दोन कंप्रतांची मोजणी, कणांचा आकार आणि इतर परीक्षणे यांची जोड द्यावी लागते. नवी मुंबईजवळ पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत पर्यावरणीय चुंबकत्व हा संशोधनाचा एक विषय आहे, ही या दृष्टीने समाधानाची बाब होय.

राख आणि धूर

मातीच्या चुंबकत्वात आता माणसानेही भर घातली आहे. दगडी कोळशात पायराइटसारखी लोहसंयुगे असतात. औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत ती जळून मॅग्नेटाइटयुक्त सूक्ष्म गोलक तयार होतात आणि राखेबरोबर बाहेर पडतात. पोलाद कारखाने आणि रहदारीचे रस्ते यांच्या परिसरातील धुळीतही असे कण सापडतात. त्यांच्यासोबत अनेकदा शिसे, जस्त यांसारखे जड धातूही असतात. म्हणून रस्त्याकडेच्या मातीची वा झाडांच्या पानांवरील धुळीची चुंबकीय मोजणी करून प्रदूषणाचा पसारा स्वस्तात आणि त्वरित अजमावता येतो व महागडी रासायनिक परीक्षा नेमकी कोठे करावी हे ठरविता येते.

काय समजावे, काय समजू नये

अधिक चुंबकीय जमीन म्हणजे अधिक सुपीक जमीन, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पिकाला नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब हवा असतो. त्यासाठी माती परीक्षणाला पर्याय नाही. चुंबकत्व मातीची शक्ती सांगत नाही, तिचे चरित्र सांगते. आणि चरित्र कळल्यावर पुढची काळजी अधिक डोळसपणे घेता येते.

आपण जमिनीला काळी आई म्हणतो. पावसाळ्यातील ओल, उन्हाळ्यातील भेगा, भाजलेला राब, तुंबलेले पाणी, कारखान्याची राख, यांतील प्रत्येक गोष्ट तिने आपल्या कणाकणांत टिपून ठेवली आहे. मात्र ही नोंद बव्हंशी तिच्या वरच्या वीतभर थरात आहे, आणि मुसळधार पावसात प्रथम वाहून जातो तो तोच थर. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी येत्या पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांसह एक साधा प्रयोग करून पाहावा. शेताच्या वरच्या भागातील, बांधाजवळील, ओढ्यातील आणि तलावातील माती सारख्या वजनाने घेऊन वाळवावी, बारीक करावी आणि कागदात गुंडाळलेला चुंबक प्रत्येकीतून सारख्याच वेळा फिरवावा. कोठे किती कण चिकटले, याची नोंद ठेवावी. तो आकडा प्रयोगशाळेच्या तोडीचा नसेल. परंतु आपल्या शिवारातील माती कोठून निघते आणि कोठे जाते, हा प्रश्न मुलांच्या मनात त्यातून नक्की रुजेल. बांध घालण्याचे काम त्या प्रश्नापासूनच सुरू होते.